तीन डब्यांचा एक डबा

शुभांगी विधातेला त्या मीटिंगचं बोलावणं नव्हतं. तिला बोलावलं ते प्रोजेक्टर बंद पडला म्हणून.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत त्रिनाद इलेक्ट्रॉनिक्स नावाचा नव्वद माणसांचा कारखाना आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर त्या दिवशी मालक आल्हाद गायधनी, विक्रीची माणसं, दोन-तीन इंजिनिअर आणि पुण्याहून आलेले एक सल्लागार बसले होते, आणि भिंतीवर नुसता निळा चौकोन दिसत होता. शुभांगीने वायर उपसली, पिनेची वाकलेली सुई नखाने सरळ केली, परत खोचली. चित्र उमटलं. वायर पुन्हा हलते की काय हे बघायला ती दोन मिनिटं तिथंच उभी राहिली.

भिंतीवर तीन मोठे गोल होते. एकात लिहिलं होतं कॉम्प्युटर, दुसऱ्यात नेटवर्किंग, तिसऱ्यात डिजिटल मीडिया. सल्लागार सांगत होते, "तीन वस्तू, तीन किमती, एकच ग्राहक. ज्याने छोटा कॉम्प्युटर घेतला त्याला राउटर लागणार, ज्याने राउटर घेतला त्याला पडद्यावर चित्र दाखवणारा मीडियाचा डबा लागणार. आतलं सगळं बाहेरून तयार आणायचं, आपण पेटी आणि नाव द्यायचं. आणि दुरुस्ती ही जुनी सवय सोडायची. बिघडलं की बदलून द्या. मार्चनंतर दुरुस्ती विभागाची गरजच नाही."

आल्हादची नजर शुभांगीवर गेली आणि लगेच समोरच्या कागदांवर उतरली. "थँक यू, ताई," तो म्हणाला.

दुरुस्ती विभाग म्हणजे खालच्या मजल्यावरची चार टेबलं, चार माणसं, आणि त्यातलीच एक, प्रमुख शुभांगी. तिथं तिची सव्वीस वर्षं गेली होती. जिना उतरताना तिने मार्चपर्यंतचे महिने बोटांवर मोजले.

तशी ती या धंद्यात आली तीच मुळी वेळापत्रकामुळे. मखमलाबादला तिच्या वडिलांचा, फकिराचा, शेवंती आणि झेंडूचा मळा. पहाटे फुलं तोडायची, टोपल्या भरायच्या, गोदाकाठच्या फुलबाजारात बापलेकीने मिळून विकायच्या. हे आटोपेपर्यंत साडेदहा व्हायचे. दहावीनंतर आयटीआयला जायचं ठरलं तेव्हा शिवणकाम सकाळी आठला भरायचं आणि इलेक्ट्रॉनिक्स अकराला. फकिराने विचारलं, "त्या अकराच्यात काय शिकवतेत?" मास्तर म्हणाले, "रेडिओ, टीव्ही." फकिरा म्हणाला, "मग चालंल. फुलं तर सुकणार नाय." झालं, पोरीचं आयुष्य त्या एका वाक्यावर ठरलं.

त्रिनादचे तेव्हाचे मालक ढुंढिराज गायधनी, म्हणजे आल्हादचे वडील. घराणं रामकुंडावर यात्रेकरूंची पूजा सांगणारं, पण यांनी तरुणपणीच रेडिओचा नाद घेतला आणि कारखाना काढला. नोकरीला आलेल्या मुलीसमोर त्यांनी पाच बंद रेडिओ ठेवले. "दुरुस्त नंतर कर. आधी का बंद पडले ते सांग." शुभांगीने पाऊण तास लावला. तिघांची कारणं सांगितली आणि म्हणाली, "हे दोन बंद नाहीत काका. सेल उलटे घातलेत." ढुंढिराजकाका खो खो हसले. ते त्यांनीच घातले होते.

पुढे काळ बदलत गेला तसा कारखाना कूस बदलत गेला. रेडिओ गेले, कॅसेट प्लेअर आले. ते गेले, टीव्हीचे बूस्टर आले. मग कॉम्प्युटरचे स्पीकर, मग केबलवाल्यांसाठी सेट टॉप बॉक्स. दर वेळी वाटायचं आता संपलं, आणि दर वेळी नवं काहीतरी हाती लागायचं. काका थकल्यावर आल्हाद बंगळुरूची नोकरी सोडून आला. तो वाईट माणूस नव्हता. पण लोक फोनवरच सगळं बघायला लागले, सेट टॉप बॉक्सला गिऱ्हाईक उरलं नाही, आणि नव्वद घरांच्या चुली आपल्या डोक्यावर आहेत या विचाराने त्याची झोप उडाली होती. बुडत्याला काडीचा आधार, तसे त्याला ते तीन गोल सापडले.

त्या संध्याकाळी घरी तिने नवऱ्याला मीटिंगचं सांगितलं. कुंदनचा मळा गंगापूर रस्त्याला, तोही फुलांचाच. तो हार बांधायच्या दोऱ्याचा गुंता सोडवत बसला होता. "मग मळ्यात ये की," तो म्हणाला. "तुझ्यासारखी टोपली कुणाला भरता येत नाही."

"येईन ना. पण अहो, मला काढून टाकलं म्हणून येणार नाही. मला वाटेल तेव्हा येईन."

कुंदनने पुन्हा दोऱ्याला हात घातला. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, कुठं थांबायचं ते त्याला कळत होतं.

डिसेंबरात तिन्ही डबे बाजारात आले. द्राक्षाचा हंगाम तोंडावर होता, आणि विक्रीच्या माणसांनी पिंपळगाव बसवंतच्या बाजूची पॅकहाउसं बरोबर हेरली. तिथं द्राक्षं निवडून, तोलून पेटीत भरतात आणि परदेशी पाठवतात. प्रत्येक पेटीवर कुठल्या बागेतला माल त्याचं लेबल लागतं, ते छापायला कॉम्प्युटर. प्रिंटर आणि कॅमेरे जोडायला राउटर. आणि कुणाचा माल चालू आहे ते पेट्या भरणाऱ्या बायांना दिसावं म्हणून भिंतीवर पडदा, त्याला मीडियाचा डबा. तीनशे चाळीस डबे गेले. जानेवारीच्या मध्यापर्यंत त्यातले एकशे बारा परत आले.

"वापरायला येत नाही लोकांना," विक्रीची माणसं म्हणाली. आल्हादने यशश्रीला पाठवायचं ठरवलं. यशश्री त्याच्याकडची सॉफ्टवेअर इंजिनिअर, सव्वीस-सत्तावीसची, हुशार आणि तोंडाने फटकळ. ती म्हणाली, "मी एकटी जाऊन काय करू? मला आतलं सॉफ्टवेअर कळतं, जळलेलं कळत नाही. शुभांगीताईंना द्या बरोबर."

पॅकहाउसचा सुपरवायझर सहादू मोरे दारातच भेटला. डोक्यावर कानटोपी, अंगात स्वेटर, आणि बाहेर टळटळीत ऊन. आत मालाची उष्णता काढायच्या खोल्या होत्या, दार उघडलं की धुक्यासारखी गार हवा बाहेर यायची. त्या दाराच्या अगदी वर भिंतीला तिन्ही डबे टांगलेले होते, तिन्ही प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घातलेले.

"पिशव्या कशाला?" यशश्रीने विचारलं.

"पाणी गळतंय ना ताई त्यातून."

यशश्रीला ते हसण्यावारी न्यावंसं वाटलं, पण शुभांगी शिडी लावून वर चढली. एका डब्याचं झाकण उघडलं तर आत खरंच दव साचलेलं. आतली गार हवा आणि बाहेरची गरम हवा नेमकी तिथं भेटत होती, आणि थंड पेल्याला बाहेरून घाम फुटावा तसा बोर्डाला घाम फुटत होता. पिशवीने तो आणखीच कोंडला होता.

पण शुभांगीचं लक्ष दुसऱ्याच गोष्टीवर खिळलं. प्रत्येक डब्यावर गेरूने आकडा काढला होता. एक, दोन, तीन.

"हे काय, सहादूभाऊ?"

"लाईट गेली ना, का तिन्ही झोपतेत. लाईट आली का ह्याला आधी उठवायचं," त्याने राउटरकडं बोट केलं, "मग ह्याला, मग ह्याला. उलटं केलं का पडदा काळाच राहतो. बायांना ते कसं कळायचं? म्हणून आकडे काढले. दिवसातून चारदा लाईट जाते ताई. हातात मोजे, वर चढायचं, बटणं दाबायची. तंवर सरकत्या पट्ट्यावर माल तुंबतो. त्यापेक्षा बंद पडलेलं बरं म्हणून वापरणंच सोडलं आम्ही."

परतीच्या वाटेवर ओझर मागे पडलं. मग शुभांगी म्हणाली, "यशश्री, हे तीन डबे का आहेत?"

"म्हणजे?"

"तीनच का? एक का नाही?"

यशश्रीने खिडकीबाहेर पाहिलं. "खरं सांगू? तो कॉम्प्युटर एकटा तिन्ही कामं करू शकतो. थोडं सॉफ्टवेअर लिहावं लागेल, बस. आपणच ती कामं वेगळी केलीत. तीन वस्तू विकता याव्यात म्हणून."

दुसऱ्या दिवशी शुभांगी आल्हादच्या केबिनमध्ये गेली आणि सगळं सांगितलं. दव, पिशव्या, गेरूचे आकडे. आल्हादने ऐकून घेतलं. पण वर्षभराची सगळी आखणी त्या तीन गोलांवर उभी होती. "ताई, तुमचं निरीक्षण चांगलं आहे. पण आपली दिशा ठरली आहे. आता मध्येच बदलली तर वितरक काय म्हणतील? उद्या बघू."

उद्या बघू म्हणजे काय ते सव्वीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला सांगावं लागत नाही.

ती खाली आली. परत आलेल्या डब्यांचा ढीग तिच्या टेबलामागे छताला टेकला होता, तसाही भंगारातच जाणार होता. तिने त्यातला एक चांगला बोर्ड निवडला. त्यावर पारदर्शक वार्निशचे दोन हात दिले, म्हणजे दव पडलं तरी आत भिडणार नाही. यशश्रीला म्हणाली, "मला सोल्डर येतं, प्रोग्राम येत नाही. लाईट आली की आपोआप उठला पाहिजे, आणि जिथं थांबला होता तिथून पुढं चालला पाहिजे. कुणी बटण दाबायचं नाही."

"सरांना न विचारता?"

"तू नको म्हणालीस तर राहू दे. तुझी नोकरी नवी आहे."

यशश्रीने तोंड वाकडं केलं. "माझ्या नोकरीचं मी बघते. त्या डब्याला नाव काय द्यायचं ते सांगा." पण नाव काही त्यांना सुचलं नाही.

रविवारी कुंदनच्या फुलांच्या टेम्पोतून दोघी पिंपळगावला गेल्या. सहादूने तीन डबे काढले, एक लावला. मुख्य बटण बंद केलं, दहा मोजले, चालू केलं. पडदा उजळला, लेबल जिथं थांबलं होतं तिथून निघालं. पट्ट्याशी उभ्या बायांपैकी एकीने टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली.

अकरा दिवस सगळं सुरळीत चाललं. बाराव्या दिवशी सहादूचा फोन आला. "ताई, तुमचा डबा मेला."

शुभांगीला वाटलं, दव आत शिरलं असणार, वार्निश कुठंतरी सुटलं असणार. रजा टाकून ती गेली, डबा उघडला, आणि आत बघून क्षणभर तिला हसावं की रडावं कळेना. आत पाल होती. ऊब मिळते म्हणून हवेच्या फटीतून शिरली होती आणि दोन पायांनी दोन टोकांना चिकटून जळून गेली होती.

"पाल तर येणारच," सहादू म्हणाला. "किडे येतेत पडद्याच्या उजेडाला, त्यांच्या मागं पाली."

फटी बुजवाव्यात तर डबा आतल्या आत तापणार. ठेवाव्यात तर पाल. सात-आठ दिवस शुभांगी याच विचारात होती. टोपल्या भरतानाही तेच, भाकरी थापतानाही तेच. शेवटी उत्तर मिळालं ते कारखान्याच्याच माळ्यावर. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्या तिथं धूळ खात पडल्या होत्या, पाठीवर उभ्या पट्ट्या असलेल्या. आतली उष्णता त्या पट्ट्यांतून बाहेर जायची, एकही भोक न ठेवता. तिने बोर्ड त्या पेटीच्या पाठीला घट्ट भिडवला, कडेने रबर लावलं. दोन दिवस टेबलावर चालवून पाहिलं. पेटी गरम झाली, चहाच्या कपाइतकी, त्यापुढं नाही.

तो डबा पिंपळगावला लागला फेब्रुवारीच्या शेवटी. मार्च उजाडला. वरच्या मजल्यावर दुरुस्ती विभाग बंद करायची कागदपत्रं तयार होत होती. आणि मोठ्या वितरकाने सगळा माल परत घ्या म्हणून निरोप पाठवला.

आल्हाद स्वतः गाडी काढून निघाला. एकेका पॅकहाउसमध्ये जाऊन माफी मागायची, आपले डबे काढून घ्यायचे. चार ठिकाणी बोलणी खाल्ली. पाचवं ठिकाण सहादूचं. आल्हाद म्हणाला, "तुमचेही तिन्ही डबे घेऊन जातो. झाल्या त्रासाबद्दल..."

"न्या की साहेब," सहादू म्हणाला, "ते कोपऱ्यात पडलेत. पण शुभांगीताईंच्या ह्या डब्याला हात लावायचा नाय."

दाराच्या वर पट्ट्या-पट्ट्यांची काळी पेटी होती. पडदा चालू होता. आल्हाद तिथं पाऊण तास उभा राहिला. त्या वेळात एकदा वीज गेली. जनरेटर सुरू व्हायला मिनिटभर लागलं. मग दिवे आले, पडदा उजळला, लेबलं निघाली. बायांनी मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही, इतकं ते त्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

संध्याकाळी कारखाना सुटायच्या आधी आल्हाद सरळ खाली, दुरुस्ती विभागात आला. चेहरा लाल झालेला. "ताई, मला न विचारता कंपनीचा माल बदलून बाहेर लावलात?"

बाकीच्या तिघांनी हातातली कामं थांबवली. यशश्री जिन्यात उभी होती, ती दोन पायऱ्या खाली आली. शुभांगीने सोल्डरिंग आयर्न स्टँडवर ठेवलं. 

"विचारलं होतं सर. तुम्ही म्हणालात, उद्या बघू. मी तो उद्या आणला."

 आल्हाद शेजारचं स्टूल ओढून बसला. मालक त्या स्टुलावर बसलेला कुणी पाहिला नव्हता. मग म्हणाला, "उघडून दाखवा."

तिने टेबलावर तशीच बनवत आणलेली दुसरी पेटी उघडून दाखवली. वार्निश, रबर, पट्ट्या. पालीची गोष्ट सांगितली तेव्हा तो हसला. शेवटी म्हणाला, "मी तीन गोल काढले, पण एकदाही त्या दारात उभा राहिलो नाही."

"मीही नव्हते राहिले सर. सव्वीस वर्षं मी टेबलावर बसून, वस्तू का मेली ते बघत आले. ती जगते कुठं ते पहिल्यांदाच पाहिलं."

दुरुस्ती विभाग बंद करायचा कागद त्या आठवड्यात फाटला. पण शुभांगीने तेवढ्यावर समाधान मानलं नाही. आल्हादने तिला वर बोलावून नवीन पद देऊ केलं तेव्हा ती म्हणाली, "पद राहू द्या. एक करा. नवीन वस्तूचं चित्र कागदावर काढायच्या आधी ती जिथं लागणार तिथं आमच्यातलं एक आणि यशश्रीसारखं एक, असे दोघं जाऊन येतील. आणि पहिला नमुना माझ्या टेबलावरून पास झाल्याशिवाय पुढं जाणार नाही." आल्हादने दोन्ही मान्य केलं, आणि पदही दिलं. दारावर पाटी लागली तेव्हा कुंदन बघायला आला, आणि जाताना पाटीला शेवंतीचा हार घालून गेला. शुभांगीने लाजून तो अर्ध्या तासात काढला.

सगळं काही गोड झालं असं नाही. नुसता राउटर आणि नुसता पडद्याचा डबा त्रिनादने कायमचा सोडला, त्यावर खर्च केलेले दहा महिने पाण्यात गेले. सल्लागार रागावून गेले. विक्रीची दोन माणसं सोडून गेली, त्यांना एक वस्तू विकण्यात राम वाटला नाही. पहिल्या वर्षी फक्त दोनशे पेट्या गेल्या. पण त्या दोनशेपैकी परत आल्या त्या सहा, आणि त्या सहाही का आल्या ते शुभांगीला तोंडपाठ होतं.

पुढच्या हंगामात सटाण्याच्या कांदा बाजारात मोठा पडदा लागला, कुठल्या गाडीचा लिलाव कुठल्या ओट्यावर चालू आहे ते दाखवणारा. तिथं धुळीचा प्रश्न होता, तो त्या बंद पेटीने आपसूकच सोडवला. पेटी लावून शुभांगी शिडीवरून उतरली तेव्हा ट्रॅक्टरवर बसलेली एक म्हातारी पडद्याकडं बघून म्हणाली, "भारी शे, ताई. बठ्ठं दिखस." शुभांगीला अहिराणी बोलता येत नाही, पण 'सगळं दिसतं' एवढं कळलं. घरी येऊन तिने ते वाक्य सासूबाईंना, सरुबाईंना, तीनदा ऐकवलं.

परवाच ती आणि यशश्री त्र्यंबकेश्वरला जाऊन आल्या. तिथल्या एका भक्तनिवासात खोल्यांची माहिती देणारा त्रिनादचा पडदा बसवलाय, आणि तो आठवड्यातून दोनदा बंद पडतो अशी तक्रार होती. शुभांगीला वाटलं, तिथला पाऊस असेल, ओल असेल. अर्धा दिवस व्हरांड्यात बसून पाहिलं. दुपारी कठड्यावरून एक माकडीण आली, पोटाला पिल्लू, आणि अगदी सवयीने पेटीची वायर उपसून तिला लोंबकळायला लागली.

यशश्री हसून हसून खाली बसली. भक्तनिवासाचे व्यवस्थापक काठी घेऊन धावले. शुभांगी मात्र जागची हलली नाही. माकडीण वायर कुठं धरते, किती जोर लावते, पाय कशावर रोवते हे ती डोळे बारीक करून बघत होती. माकडीण गेल्यावर तिने पर्समधून पेन्सिल काढली, आणि भक्तनिवासाच्या पावतीच्या पाठीवर वायर घट्ट धरून ठेवणाऱ्या खुंटीचं चित्र काढायला घेतलं.